आवाज गिळणारी पुंगळी

मित्रांनो, तुम्ही मला रस्त्यावर पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल. मी एक जुनी लोखंडी पुंगळी आहे. मोटारसायकलच्या सायलेन्सरच्या मागच्या तोंडात मला बसवतात. माझी लांबी तुमच्या विताएवढी, अंगभर बारीक भोकं आणि एका टोकाला जाड कडं. इंजिनातून भडकून आलेला आवाज माझ्या भोकांमध्ये अडखळतो, विखुरतो आणि बराच मवाळ होऊन बाहेर पडतो. दुकानदार मला डीबी किलर म्हणतात. डीबी म्हणजे आवाजाचं माप, किलर म्हणजे मारणारा. नाव भयंकर आहे खरं, पण आवाजाखेरीज मी आजवर कशालाही मारलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढची हकीगत ऐकून कोणी माझ्याकडे बोट दाखवू नये म्हणून सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे पत्र्याला भोकं पाडली, पत्रा गुंडाळला, सांधला आणि वरून काचेची लोकर लपेटून एका झगझगीत नव्या सायलेन्सरच्या तोंडात मला बसवलं. मग आम्हा दोघांना एकाच खोक्यात भरलं. गाडीला तिचा मूळचा सायलेन्सर असतोच, पण हौशी मंडळींना त्याचा आवाज मिळमिळीत वाटतो. म्हणून ते बाहेरून दुसरा आणतात, छातीत धडकी भरवणारा. कायद्याची समजूत काढायला त्याच्यासोबत मला पाठवलेलं असतं. आणि गंमत अशी की खोकं उघडल्याबरोबर हे लोक पहिलं काम करतात ते मला उपटून काढण्याचं. आमच्या जातीतल्या बहुतेकांचं आयुष्य तिथेच संपतं.

माझं खोकं उघडलं ते मिशिगनच्या पार उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठच्या एका गावात, रुडी निएमीच्या गॅरेजमध्ये. रुडी हिवाळ्यात बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करायचा आणि उन्हाळ्यात मोटारसायकली. सायलेन्सर होता त्याच्या मित्राचा, आर्वो कांगासचा. आर्वो हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ सारणारा ट्रक चालवायचा आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवायचा. दोघं शाळेपासूनचे सोबती, दोघांचे आजे फिनलंडहून एकाच बोटीने खाणीत कामाला आलेले. दोघांचीही तोंडं कुलूप घातल्यासारखी. फक्त एकमेकांसमोर ती जरा उघडत, तीही हाताशी एखादं यंत्र असेल तर.

"हे काय कोंबलंय रे याच्या घशात?" रुडीने माझ्या कड्यात बोट घालून विचारलं.

"पोलिसांसाठी असतं ते," आर्वो म्हणाला.

"आपल्या गावात पोलीस कोण? तुझा आतेभाऊ. त्या बहिऱ्याला सायरन ऐकू येत नाही, तुझी गाडी काय ऐकू येणार!"

असं म्हणून त्याने खालचा बोल्ट सोडला, मला बाहेर ओढलं आणि कॉफीच्या एका रिकाम्या डब्यात फेकलं. डब्यात आधीच वाकडे स्क्रू, वायसर आणि कुठल्या कुठल्या स्प्रिंगा पडलेल्या होत्या. माझ्या आयुष्यातला पहिला मान तो असा.

त्या दिवशी रुडीने आर्वोच्या गाडीवर दिवसभर मेहनत घेतली. कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे जेट बदलले, हवा कमी जास्त केली, कान लावून ऐकलं, पुन्हा बदललं. शेवटी गाडी चालू केली तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या. रुडीची बायको आर्डिस पिठाचे हात घेऊन धावत आली.

"काय कोसळलं? मेलं का कोणी?"

"कोणी नाही. आर्वोची गाडी आहे," रुडी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला डब्याच्या काठावरून दिसत होता. "यापुढे हा पुलावर आला की मला इथे कळणार. पुलावर आवाज ऐकलास की तू कॉफी ठेवायचीस."

"म्हणजे मी आता त्याच्या सायलेन्सरच्या हुकमाने चालायचं?"

"चाललीस तर मला कॉफी गरम मिळेल," आर्वो हळूच म्हणाला आणि दोघं हसले. आर्डिसने दोघांनाही पिठाचा हात दाखवला.

पण तसंच झालं. गावाच्या अलीकडे नदीवर लोखंडी जाळीचा पूल आहे. आर्वोची गाडी त्या जाळीवर चढली की तिचा आवाज सबंध खोऱ्यात घुमायचा. इकडे आर्डिस कॉफी ठेवायची, वेलदोडा घातलेला गोड पाव कापायची, आणि रुडी हात पुसत दारात यायचा. हे मला ऐकून माहीत. कारण माझा डबा आर्वोने आपल्या घरी नेला आणि त्याच्या गॅरेजच्या फळीवर ठेवून दिला. तिथे मी किती हिवाळे काढले कोण जाणे. थंडीत डबा इतका गार पडायचा की आतले वायसर एकमेकांना चिकटायचे. मला गंज चढला. गाडी बाहेर पडताना आणि परत येताना कानठळ्या बसवायची, आणि ते ऐकून मला राग यायचा. ज्या कामासाठी मला घडवलं ते काम समोरून रोज गर्जत जात होतं आणि मी मात्र स्क्रूंच्या संगतीत कुजत होते.

या दोन मित्रांची एक गोष्ट मला इथे सांगितली पाहिजे. आर्वोची बायको त्याला सोडून गेली त्या आठवड्यात रुडी रविवारी आर्वोच्या गॅरेजमध्ये आला. आला तो पाने घेऊनच. दोघांनी गाडीचा कार्ब्युरेटर उतरवला, सुटा केला, एक एक भाग रॉकेलमध्ये धुतला, पुसला आणि पुन्हा जोडला. सबंध दिवस त्यात गेला. बायकोचं नाव कोणी काढलं नाही. निघताना रुडी एवढंच म्हणाला, "आता नीट चालेल." कार्ब्युरेटरला काहीही झालेलं नव्हतं. मी फळीवरून सगळं पाहत होते आणि मला ते फार आवडलं होतं. माणसं अशीही एकमेकांना सांभाळतात, असं वाटलं होतं. मात्र त्या दोघांना दुसरी कुठली रीत येतच नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाशी रुडीच्या डोक्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी थोडी कापली, बाकीची तशीच राहिली. आर्वो गॅरेजमध्ये येऊन उभा राहायचा, एखादं हत्यार उचलायचा, परत ठेवायचा. रोज काम सुटलं की तो रुडीकडे जायचा आणि लवकरच परत यायचा.

एका दुपारी आर्डिस स्वतः आर्वोच्या घरी आली. गाडीतून उतरली, पण आत बसेना.

"आर्वो, रागावू नकोस. तुला एक सांगायचंय."

"बोल की."

"तुझी गाडी पुलावर आली ना, की तो दोन्ही हातांनी डोकं गच्च धरतो. दात खातो. उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही. काल मी नुसतं पातेलं ठेवलं तर विव्हळला. तू ट्रकने येत जा, बाबा."

"ट्रकने?" आर्वो म्हणाला. "त्यानेच बजावलंय मला. ट्रकने आलास तर दारात उभा करणार नाही म्हणाला. मी काय त्याच्याकडे खड्डे बुजवायला येतो का, म्हणाला."

आर्डिस हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. "मग काय करायचं ते तू ठरव. पण तो आवाज नको."

ती गेल्यावर आर्वोने फळीवरचे सगळे डबे जमिनीवर उपडे केले. मित्रांनो, त्या ढिगातून त्याने मला उचललं तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. त्याने तारेच्या ब्रशने माझा गंज घासला. जुनी लोकर सडली होती ती खरवडून काढली, नवी गुंडाळली आणि तिच्यावरून बारीक तार ओढून बांधली. मग मला सायलेन्सरच्या तोंडात सरकवलं. इतक्या वर्षांत तिथे काजळी साचली होती, म्हणून मी सहज जाईना. तो मला फिरवून फिरवून आत दाबत होता आणि तोंडाने पुटपुटत होता, "जा गं बाई, जा. रुडीसाठी जा." शेवटी माझं भोक आणि सायलेन्सरचं भोक समोरासमोर आलं. त्याने खालून बोल्ट घातला आणि कोरडाच करकचून आवळला.

गाडी चालू झाली. इंजिनाचा पहिला धडाका माझ्या अंगावर आला तेव्हा मी दचकले, पण मागे हटले नाही. मी तो सगळा गिळला. बाहेर पडला तो एक शहाणा, खालच्या पट्टीतला आवाज. आर्वोची शेजारीण कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "कांगास, गाडी विकलीस का रे? का देवाने माझं ऐकलं?" मी आयुष्यात पहिल्यांदा कामाला आले होते आणि पहिल्यांदा माझं कौतुक होत होतं. पुलाच्या जाळीवरून गेलो तेव्हा खाली नदीचं पाणी वाहताना ऐकू आलं.

रुडीच्या घराच्या वळणावर आर्वोने इंजिनही बंद केलं. टपालपेटीपासून गाडी नुसती घरंगळत आली आणि समोरच्या खोलीच्या खिडकीखाली थांबली. याच खोलीत रुडीची खाट होती. खिडकी वाऱ्यासाठी उघडी होती, पण उजेड नको म्हणून तिच्यावर जाड पडदा ओढलेला होता. आर्डिस पायरीवर आली आणि तिने दोन्ही हात जोडल्यासारखे छातीशी धरले.

"कधी आलास? मला पत्तासुद्धा लागला नाही! देव तुझं भलं करो, आर्वो."

मी फुशारून गेले.

आर्वो आत गेला आणि थोड्याच वेळात बाहेर आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो पायरीवर बसला आणि टोपी हातात फिरवत राहिला. औषधांनी रुडीचं तोंड सुजलं होतं, डोक्यावर टाके होते, आणि जबडा लोंबलेला होता, हे त्याने आर्डिसला सांगायची गरज नव्हती. तिला ते रोज दिसत होतं. "झोपलाय," एवढंच तो म्हणाला.

त्या दिवसापासून आर्वो रोज येत राहिला. एकही दिवस चुकला नाही, पावसातही आला. मात्र तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात जायचा. दार लोटून घेऊन तो आणि आर्डिस कुजबुजत बोलायचे. तो तिच्यासाठी परसाच्या पार टोकाला लाकडं फोडून द्यायचा, गळका नळ बदलायचा, गवत कापायचं यंत्र मात्र आवाज होतो म्हणून हाताने ढकलायचं वापरायचा. निघण्याआधी पुढच्या पायरीवर थांबून विचारायचा, "कसा आहे?" आर्डिस म्हणायची, "आत्ताच डोळा लागलाय." ते ऐकलं की त्याचे खांदे सैल पडायचे. मला खिडकीखालून त्याची पाठ दिसायची, म्हणून मला ठाऊक आहे. रुडी झोपलेला असला की आर्वोची सुटका व्हायची.

आणि रुडी झोपलेला नसायचा. डोळे मिटून पडलेला असायचा. उजेड नको म्हणून मिटलेले डोळे बाहेरच्यांना झोप वाटत. मी त्याच्या उशापासून हातभर अंतरावर, भिंतीच्या बाहेर उभी असायचे. मला त्याचा श्वास ऐकू यायचा, आणि कधी कधी तो एकटाच बोलायचा तेही.

एक दिवस ग्लेनिस नावाची नर्स आत होती. मरणाच्या वाटेवरच्या माणसांची देखभाल करायला ती घरोघरी जायची. आर्वो येण्याच्या आधीपासून ती खोलीत होती, त्यामुळे खाली कोणाची गाडी उभी आहे हे तिला माहीत नव्हतं.

"आज पुलावरून कोण कोण गेलं, सांगू?" रुडी म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. "लाकडांचा ट्रक. मग शाळेची बस. मग परत लाकडांचा ट्रक."

"तुम्हाला त्रास होतो ना आवाजाचा?" ग्लेनिसने विचारलं.

"होतो की." मग म्हणाला, "आर्वोच्या गाडीने तर डोकं फुटतं माझं. पण ती येत नाही आता."

"कोण आर्वो?"

"मित्र आहे. होता. भित्रट आहे साला. मला माहीत होतं तो यायचा थांबणार."

मित्रांनो, त्या वेळी आर्वो मागच्या अंगणात लाकडं रचत होता, आवाज होऊ नये म्हणून एक एक ओंडका हळूच ठेवत. मी तिथे खिडकीखाली होते. मला तोंड असून बोलता येत नाही, आणि आवाज वाढवणं हे माझं कामच नव्हे. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी मी माझं काम चोख करत होते.

आर्डिसला हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिने आर्वोला पायरीवरच गाठलं.

"तो म्हणतो तू येत नाहीस."

"मी रोज येतो!"

"मी सांगितलं त्याला. काल आला होता, परवा आला होता, लाकडं फोडून गेला. म्हणतो, माझी समजूत काढू नकोस. पुलावर आला असता तर मला कळलं असतं. तुझी गाडी त्याने कान लावून जुळवलीय, आर्वो. ती त्याला झोपेतसुद्धा कळते."

आर्वोने सायलेन्सरकडे पाहिलं.

"आत चल माझ्याबरोबर. खुर्ची टाकते. काही बोलू नकोस हवं तर."

तो दारापर्यंत गेला. मला त्याचे बूट दिसत होते. ते उंबऱ्यापाशी थांबले आणि मग वळले. "झोपलाय गं," तो म्हणाला. "कशाला उगाच उठवायचं? उद्या येतो."

"उद्या नक्की?"

"नक्की."

पुढच्या काही दिवसांत तो असंच म्हणत राहिला. आर्डिसही दमली होती. तिने जोर केला नाही.

सप्टेंबर सरत आला. झाडांची पानं लाल पिवळी झाली आणि गावातले लोक मोटारसायकली पुसून हिवाळ्यासाठी आत ठेवू लागले. अशा एका दुपारी आर्वो टपालपेटीपासून घरंगळत आला, तर आर्डिस पायरीवर वाट पाहत उभी होती.

"ग्लेनिस म्हणतेय, आजचा दिवस निघणार नाही. चल."

आर्वो गाडीवरून उतरला. "जागा आहे?"

"डोळे मिटलेत, पण ऐकू येतंय त्याला. मघाशी पाणी मागितलं."

"मी आलोय म्हणून सांगितलंस?"

"रोजच सांगते. तो कुठे विश्वास ठेवतो."

आर्वोने दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. मग त्याने गाडीकडे पाहिलं, आणि मला त्याच्या चेहऱ्यावर एक उजळपणा दिसला. काहीतरी करायला सापडलं होतं त्याला.

"थांब. ही पुंगळी उपटतो. पुलापर्यंत जाऊन परत येतो. एकदा आवाज ऐकला की पटेल त्याला."

"अरे, तूच आत ये ना! त्याचा हात धर. पटेल."

"दोन मिनिटं, आर्डिस. एकच तर बोल्ट आहे."

तो समोर रुडीच्या गॅरेजमध्ये धावला, रुडीचेच पाने घेऊन आला आणि खिडकीखाली गुडघ्यांवर बसला. बोल्टाच्या डोक्यातल्या खाचेत षटकोनी चावी घातली, जोर लावला. बोल्ट हलला नाही. हलणार कसा? उन्हाळाभर तो तापला होता, निवला होता, रस्त्याची वाळू आणि पाणी प्यायला होता. रुडीने असा बोल्ट आयुष्यात कधी कोरडा बसवला नसता. आधी त्याच्या आट्यांना तांबडं वंगण फासलं असतं, म्हणजे वर्षांनीही तो बोटांनी सुटला असता. पण आर्वोच्या गाडीचं असलं काम कायम रुडीच करत आला होता, आणि आर्वोने ते कधी पाहून ठेवलं नव्हतं.

त्याने पुन्हा जोर लावला तशी चावी आतल्या आत फिरली आणि बोल्टाचे कोपरे झिजून गेले. त्याने तेल फवारलं. पकडीने धरून पाहिलं, पकड निसटली आणि त्याच्या बोटांची सालटी निघाली. मग त्याने छिन्नी लावली आणि हातोडीने ठोकायला सुरुवात केली. सायलेन्सर टणटण वाजायला लागला. ज्या घरात पातेलं ठेवायची चोरी होती तिथे हा घणाघात चालला होता, पण आर्वोला त्याचं भान नव्हतं.

आर्डिस दारात आली. "आर्वो, राहू दे ते. आत ये."

"आलोच. हलतोय आता."

हलत नव्हता. मला त्याची पकड जाणवत होती. माझ्या अंगात तो बोल्ट मुरून बसला होता.

ती पुन्हा आली. या वेळी तिचा आवाज फाटला होता. "आर्वो!"

"झालंच गं! आलोच, आलोच," तो म्हणाला. म्हणाला तो बोल्टाकडे पाहून. त्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर खिडकी होती. पडदा वाऱ्याने हलत होता. मला वाटत होतं की या माणसाने एकदा, एकदाच मान वर करावी. त्याने छिन्नी बदलली.

मग ग्लेनिस बाहेर आली. ती पायऱ्या उतरून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"मिस्टर कांगास, हातोडी खाली ठेवा आता."

"एवढं डोकं उडालं की निघेल बघा."

"ठेवा," ती हळूच म्हणाली.

हातोडी त्याने ठेवली नाही. हातात तशीच धरून तो गुडघ्यांवर बसून राहिला. आतून आर्डिसच्या रडण्याचा आवाज येऊ लागला तेव्हा त्याने कान झाकायला हात वर नेले आणि हातोडी त्याच्या कपाळाला लागली.

रुडीच्या दफनाला आसपासच्या गावांतून चाळीसएक गाड्या आल्या. आपल्यातला कोणी गेला की कबरीपाशी ओळीने उभं राहायचं आणि सगळ्यांनी मिळून इंजिनं गर्जवायची, अशी त्या लोकांची रीत आहे. गर्जना झाली. झाडांवरचे कावळे उडाले. आर्वो ओळीच्या शेवटी उभा होता. त्यानेही मूठ पिळली, पण मी अजून तिथेच अडकलेली होते, त्यामुळे त्याची गाडी नुसती पुटपुटली. शेजारच्याने वळून पाहिलंही नाही.

पहिलं बर्फ पडायच्या आत आर्डिस आर्वोच्या गॅरेजमध्ये आली. तिच्या गाडीत रुडीची हत्यारांची लाल पेटी होती. ती दोघांनी मिळून उतरवली.

"ही तुला द्यायला सांगून ठेवलं होतं त्याने. आजार कळला तेव्हाच."

आर्वोने पेटीवर हात ठेवला. मग तो म्हणाला, "एक विचारू?"

"नको विचारूस, आर्वो."

"शेवटी... त्याला काही ऐकू गेलं का? मी आलो होतो, ते?"

आर्डिस दाराकडे वळली होती, ती थांबली. मला वाटतं, खोटं बोलावं असं क्षणभर तिच्या मनात आलं असेल. पण ती तशी बाई नव्हती, आणि ती फार दमली होती.

"ऐकलं त्याने. तू ठोकत होतास तेव्हा. डोळे उघडले. म्हणाला, कोण ठोकतंय? मी म्हटलं, आर्वो आहे. सायलेन्सरमधली पुंगळी काढतोय, तुला गाडीचा आवाज ऐकवायला. मला वाटलं हसेल."

"मग?"

"म्हणाला, मग आत का येत नाही?"

आर्वोने पेटीची कडी उघडली आणि परत लावली.

"मी तुला हाक मारली," आर्डिस म्हणाली. "दोनदा मारली. त्यानंतर तो काही बोलला नाही. दाराकडे तोंड करून पडला होता."

ती गेली. आर्वोने गाडीवर ताडपत्री टाकली, त्याला आता काही हिवाळे उलटले. रुडीच्या पेटीत असला झिजलेला बोल्ट काढायचं खास हत्यार आहे, मला दिसलं आहे ते. आर्वोने ते उचललेलं नाही. गाडी उभी आहे, मी तिच्या तोंडात आहे, आणि मला पुन्हा गंज धरू लागला आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या, बोल्ट कोरडा बसवू नका, आणि शेजाऱ्यांच्या कानांवर दया करा, हे तर मी सांगणारच. त्यासाठीच माझा जन्म आहे. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमचं एखादं माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल आणि तुम्ही त्याच्या दारापर्यंत पोचला असाल, तर तिथे हाताला काम शोधत बसू नका. लाकडं नंतर फोडता येतात. नळ गळू द्या थोडा. त्याचं तोंड पाहून भीती वाटेल. वाटू द्या, आणि घाबरलेलेच आत जा. तो डोळे मिटून पडला असेल तर झोपलाय असं समजून सुटका करून घेऊ नका. बोलायला काही सुचत नसेल तर आपलं नाव तरी सांगा.

ती खिडकी उघडी होती, मित्रांनो. आर्वोने गुडघ्यांवरून नुसती मान वर करून "रुडी, मी आहे रे" म्हटलं असतं, तरी ते आत ऐकू गेलं असतं.